छपरावरची फांदी

ती. बाबा,

नमस्कार. मी बरी आहे. खोली कोरडी आहे, जेवण वेळेवर मिळतं, माझी काळजी नको. तुमचा दम कसा आहे? आई नुसतं "ठीक" लिहिते.

कोणत्या वस्तीला इंटरनेट द्यायचं, ते आम्ही ऑफिसात बसून ठरवतो. आकाशातून काढलेल्या फोटोवर छपरं मोजायची. वीस भरली तर टॉवर. मग तिथली मुलं पडद्यावर शिकतात, शहरातला डॉक्टर आजाऱ्याला पडद्यावरूनच तपासतो. गेल्या वर्षी एका वस्तीत मला अकराच छपरं दिसली. मी फुली मारली.

परवा त्या वस्तीवरून जाणं झालं. घरं एकतीस निघाली. बाकीची सगळी झाडांखाली. तिथली नर्सबाई फटकळ आहे. म्हणाली, "आधी आला असतात, तर माझी एक बाळंतीण वाचली असती. डॉक्टरांना एवढंच विचारायचं होतं हो, की आता काय करू."

फुली खोडली. साहेब म्हणतात, मनाला लावून घेऊ नका.

बाबा, आपल्या छपरावरची फांदी तुम्ही तोडायला निघालात, तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते. तुम्ही कुऱ्हाड ठेवून दिलीत. आता ती तोडा. स्वतः चढू नका, कुणाला तरी बोलवा. आपल्याकडची छपरंही माझ्यासारखंच कुणीतरी लांबून मोजत असेल.

तुमची,
धाकटी