संचिताचे सर आणि माझा होकार

मु. कट्टा, मंगळवार

चि. सौ. रुक्मिणी हिस थोरल्या ताईचे हात दुखेपर्यंत आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? काजूच्या बागेत वाकू नकोस, वाकायला सून आणली आहेस. मी इथे खुशीत आहे, आणि ज्यांना माझी खुशी बघवत नाही त्यांनी दोडामार्गात डोळे मिटून बसावे. (तुलाच म्हणते.) फोनवर तू म्हणालीस, "मोबायलार शिकलेल्या डॉक्टराक हात कोण दाखवतलो गो?" मी दाखवीन! उजवा दाखवीन, डावाही दाखवीन.

होस्टेलची दुरुस्ती निघाल्यापासून नात संचिता माझ्याकडे आहे, म्हणजे डॉक्टरकीचे अख्खे कॉलेज माझ्या स्वयंपाकघरात आहे. रेंज चुलीशेजारीच येते, म्हणून मोबाईल आडाळ्याला टेकवतो. मी त्यावर बसून खोबरे खवते, सर हृदय शिकवतात. हृदयाला चार खोल्या असतात, ठाऊक आहे तुला? (आपल्या माहेराला दोनच होत्या, आणि त्यातली एक भाताची.)

पण त्या पोरांना रीत नाही. सर बिचारे घसा कोरडा करून "समजलं का?" विचारतात आणि पलीकडे सगळी चिडीचूप, तोंडेसुद्धा दाखवत नाहीत. देवळात गाऱ्हाणे घालणाऱ्याला कोणी असे एकटे सोडते का? सगळ्यांनी मिळून होकार द्यायचा असतो! शनिवारी सरांनी विचारले, "ऑनलाइन शिकण्यावर सगळे समाधानी आहात ना? असाल तर दिवाळीपर्यंत असंच चालू ठेवू." संचिता माईक चालू करून घसा खाकरत होती, तेवढ्यात मी आडाळ्यावरूनच हाळी दिली, "व्हय म्हाराजा!" सर इतके खूश झाले, की "थँक्यू संचिता" म्हणून वर्गच आटोपला.

पोरगी तेव्हापासून फुगली. तिला म्हणे नाही म्हणायचे होते. कशाला नाही? इथे गरम पेज आहे, ताजे बांगडे आहेत, नळी लावून ऐकायला माझी छाती आहे. मी काही चुकले नाही आणि कोणाची माफी मागणार नाही.

तुझी,
जानकीताई

ता. क. काल नळी लावता लावता ती म्हणाली, "आजये, माका तुझाच एक काळीज ऐकूक गावता. आजारी माणसाचा कसा वाजता, तां माका खंय म्हायत आसा?" मी म्हटले, मग पडते मी आजारी. ती हसली नाही.

आणखी ता. क. आज मीच मोबाईलसमोर बसले आणि सरांना सांगितले, "तो होकार माझो होतो, संचिताचो न्हय. पोरांका हॉस्पिटलात न्हेवा." मग सगळी पोरे एकदम अशी बोलू लागली, की सरांना मध्ये शिरायला फट मिळेना. होस्टेल नसले तरी राहायची दुसरी सोय करणार आहेत. सोमवारी हजर व्हायचे आहे.

तू रविवारी ये, गुडघ्यासकट. सकाळी तिला एसटीत बसवायचे आहे. तुझे डोळे पटकन भरतात. तू रडलीस की मला तुझ्यावर ओरडता येईल, आणि माझ्याकडे कोणी बघणार नाही.