जिन्यावरचा नंबर

परभणी,
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

आदिनाथदादा,

साधनाचा नमस्कार. तू आणि चंदावहिनी खुशाल असाल. तुझा पुण्याचा पत्ता रामकिशनकाकांनी दिला. माझा नंबर तू ब्लॉक केलायस, म्हणून कागदावर लिहायलेय.

आधी मायचं सांगते. पित्ताशयाचं ऑपरेशन बुधवारी झालं. काल डॉक्टरांनी टाके बघितले, सगळं चांगलं आहे. "माझी मेंढरं कोण बघायलंय? मला गावाकडं बोरीला नेऊन सोडा," हेच दिवसभर चालू आहे. म्हणजे बरी झाली समज.

ऑपरेशन मी काम करते त्याच दवाखान्यात झालं. माझं काम तुला कधी नीट सांगितलंच नाही. इथं वाय-फायची तीन वेगळी नेटवर्क आहेत. एक डॉक्टर-सिस्टरचं, एक मशिनींचं आणि एक पेशंटच्या नातेवाइकांचं. कोणत्या नेटवर्कवर काय जोडलं गेलं, काय तुटलं, हे मी स्क्रीनवर बघते.

बुधवारी माय आत होती. साडेअकराला आयसीयूमधून कुसुमबाई सिस्टरचा फोन आला. "साधना, तीन खाटांचे ठोक्यांचे मॉनिटर आमच्या टेबलावरच्या स्क्रीनवर दिसंना गेलेत. मघाशी दिसत होते, आता गेलेत." त्या तीन खाटांतली एक मायसाठी ठेवलेली होती. मशिनींच्या यादीत ते तीन मॉनिटर नव्हतेच. शोधता शोधता सापडले नातेवाइकांच्या यादीत. तिथं दर तासाला जोडणी तुटते आणि पुन्हा ओटीपी टाकावा लागतो. मशीन कुठून टाकणार? त्याच सकाळी त्यांचं सेटिंग मीच बदललं होतं, डोक्यात मायचा विचार. चूक माझीच.

दहा मिनिटांत ते जागेवर आणलं. टेबलावरच्या स्क्रीनवर तिन्ही मॉनिटर दिसेपर्यंत कुसुमबाईंपाशी उभी राहिले. मग आमच्या विभागाच्या व्यंकटराव साहेबांना खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "लपवलं न्हाईस, बरं केलंस. जा, मायजवळ जाऊन बस."

पण मला सांगायचंय ते वेगळंच आहे, दादा.

नातेवाइकांना वाय-फायसाठी मोबाईल नंबर टाकावा लागतो आणि तो मला दिसतो. त्या यादीत तिसऱ्या मॉनिटरच्या खालीच तुझा नंबर होता. ऑपरेशनचं तुला रामकिशनकाकांनी कळवलं असणार. सकाळी नऊला गेटजवळ जोडला गेलेला, दहापासून दुसऱ्या मजल्याच्या जिन्यापाशी. तू माझ्यापासून वीस पायऱ्यांवर होतास आणि मी आले नाही. साडेचारला तुझा नंबर यादीतून गेला, तेव्हा टेबलावर डोकं ठेवून रडले.

तुझ्यासमोर यायचं तोंड नव्हतं. बाबांच्या दहाव्याला मी चारचौघांत बोलले, "जिवंतपणी यायला फुरसत नव्हती, आता कशाला रडायलास?" तू उठून निघून गेलास. पण बाबा आजारी असताना तू फोन केला होतास, तेव्हा "नुसता ताप हाय, येऊ नको," असं मीच म्हणाले होते. बाबा आता फार दिवसांचे नाहीत, हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. बाबा म्हणाले, "पोराची नवी नोकरी हाय, त्याला बोलावू नको." मी ऐकलं. ते गेल्यावर माझा दोष तुझ्या अंगावर ढकलला. दोन वर्षं कुणालाच खरं सांगितलं नाही.

गुरुवारी सकाळी माय म्हणाली, "आदी येऊन गेला."

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला पाहिजे? मला बाहेर आणताना त्यानं पायाला हात लावला. लेकराचा हात कळंना व्हय?"

मग मी तिला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? त्याला सांग."

त्या दिवशी मी पोटभर जेवले. किती दिवसांनी, आठवत नाही.

रविवारी मायला बोरीला नेणार आहे. तू ये. माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल, मायशेजारी बस. गाडीत मी पुढं बसेन.

शेवटच्या दिवसांत तुला बाबांपासून लांब ठेवणारी,
तुझी बहीण
साधना