मामंजींचा काडतुसांचा साचा

तीर्थस्वरूप मामंजी,

दंडवत. तुम्ही होतात तेव्हा तुमची सगळी पत्रं मीच लिहायची. बंदुकीच्या लायसनचे कलेक्टर कचेरीतले अर्ज, पेन्शनची पत्रं, मुंबईला गिरणीत असलेल्या तुमच्या चिरंजीवांना खुशाली. तुम्ही पडवीत येरझाऱ्या घालत सांगायचात आणि मी उतरवून घ्यायची. आज पहिल्यांदा तुम्हालाच लिहायला बसले, तर सांगणारं कुणी नाही. दोन कागद फाडून झाले.

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. हे आगबोटीनं आले होते, भाऊबंद जेवायला होते, मी वडे वाढत होते. धोंडूभावोजी पानावर बसल्या बसल्या म्हणाले, "हवालदारकाका मानूस सोन्यासारका व्हता. पन शेवटाला हात ऱ्हायला नव्हता. येक काडतूस धड भरता आला नाय, नि माजा पाय गेला." रागानं नाही हो, अगदी सहज म्हणाले. बाकीच्यांनी माना डोलावल्या. आणि मी काय केलं? त्यांच्या पानावर आणखी एक वडा वाढला नि पुढच्या पानाकडे गेले.

काल संध्याकाळपासून मला स्वतःची लाज वाटते आहे. म्हणून हे पत्र.

तुम्हाला आठवतं, मी पहिल्यांदा तुमच्याशी तोंड उघडून बोलले ते कशावरून? लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. सासूबाई नव्हत्या, घरात आपण दोघंच. तुम्ही पडवीतल्या फणसाच्या बाकाला तो लोखंडी साचा ठोकला होता. उडवलेल्या काडतुसाची पितळी नळी फुगते, ती साच्यात घालून दांडा दाबला की आवळून पुन्हा मापाला येते, मग बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी, आत नवी दारू, छर्रे. बसऱ्याच्या लढाईत पलटणीच्या बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली तुम्ही हे शिकून आला होतात. पण त्या दिवशी प्रत्येक नळीचं तोंड एकाच बाजूला चेपत होतं. तुम्ही नळ्यांना शिव्या दिल्यात, नळ्या विकणाऱ्याला दिल्यात, मग सगळ्या मुंबईला दिल्यात.

मी माजघराच्या दारातून म्हटलं, "मामंजी, साचा तिरका बसलाय. सोऱ्याची चकती तिरकी बसली की शेव अशीच येते, एका अंगानं जाड."

म्हटलं खरं, आणि जीभ चावली. सासऱ्यापुढे बोलायची पद्धत होती का? तुम्ही दांडा सोडलात, चष्मा कपाळावर सारलात आणि म्हणालात, "हकडं ये गो सूनबाय. कुटं तिरका हाय ता दाव."

साचा काढला तर आवळायच्या चाकीखाली आपल्या तांबड्या मातीचा एवढासा खडा! तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता; लांबचं डुक्कर दिसायचं, पण जवळचा हा खडा दिसला नव्हता. तो खडा तुम्ही तळहातावर घेऊन बराच वेळ चाचपलात. दुसऱ्या दिवसापासून बाकापाशी मी बसायला लागले आणि तुम्ही बाजूला उभं राहून हुकूम सोडायला लागलात.

काय एकेक हुकूम होते तुमचे! साचा बसवताना आधी सैल ठेवायचा, दांडा पुरता खाली आणायचा, मग साचा टेकेपर्यंत फिरवायचा आणि शेवटी चाकी आवळायची. नळी भरल्यावर तिचं तोंड आत वळवून बंद करायचा दुसरा साचा तर त्याहून नाजूक. तो वरून हळूहळू खाली आणायचा. मी घाई केली की नळी मधेच फुगून बसायची आणि तुम्ही म्हणायचात, "मोडलीस ना तिची कंबर?" नळीवर उभा ओरखडा दिसला की साच्यात कचरा आहे. सगळ्या नळ्यांवर एकाच जागी दिसला तर नक्कीच. तयार नळी रिकाम्या बंदुकीत सोडून बघायची, ती आपल्या वजनानं आत सरकली पाहिजे. बोटानं ढकलावी लागली तर तुम्ही ती परत माझ्या हातात द्यायचात. "तू ढकलशील तवर डुक्कर थांबंल काय?"

सगळं मनासारखं झालं तर तुम्ही म्हणायचात, "चालंल." त्यापलीकडे कौतुक तुमच्या तोंडून कधी आलं नाही. पण त्या एका शब्दासाठी मी दिवसभर राबायची. माहेरी चौथीपर्यंत शिकले, तेव्हा मास्तरांनी शाबासकी दिली होती, तिचंही इतकं अप्रूप वाटलं नव्हतं.

आणि आपली ती चोरी! लायसन तुमच्या नावाचं, हात माझे. वाडीत तर बाईमाणसानं बंदुकीला शिवायचं नाही. दसऱ्याला पूजेत मांडलेल्या बंदुकीपुढूनसुद्धा आम्ही लांबून जायचो. शिकारीच्या काडतुसाला बाईचा हात लागतो हे कळलं असतं तर त्या बंदुकीपुढे हाकारा घालायला एक माणूस उभा राहिला नसता. म्हणून अंगणात पाऊल वाजलं की मी सूप ओढून तांदूळ निवडायला बसायची आणि तुम्ही रिकामा दांडा असा काही दाबायचात की जणू तोफ भरताय. एकदा सुपात तांदूळच नव्हते. धोंडूभावोजी समोर उभे आणि मी रिकामं सूप पाखडते आहे. ते गेल्यावर तुम्ही हसलात, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलात. तुम्हाला तसं हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

तीन वर्षं मी काडतुसं भरली. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीतली नाचणी डुकरांपासून वाचली, आणि शिकार झाली की बंदुकीचा वाटा आपल्या घरी यायचा. तो शिजवताना मला फार मोठं वाटायचं. कुणाला सांगता यायचं नाही, एवढंच.

मग त्या पौषात एक नळी साच्यात अडकून बसली. आठवतं? तुम्ही आणि मी सकाळपासून दुपारपर्यंत तिच्याशी झगडलो, तेव्हा कुठे ती निघाली. ती कोरडीच आत घातल्यामुळे असं झालं, हे कळत होतं, पण बंदुकीचं तेल संपलं होतं आणि तुमचे चिरंजीव बोटीबरोबर ते पाठवतील तेव्हा पाठवतील. मला सुचलं, मुठेल लावू. थंडीत टाचा फुटल्या की आपण लावतो ते कोकमाच्या बियांचं घट्ट तेल. पुढच्या नळीला चोळलं आणि दांडा लोण्यातून फिरल्यासारखा खाली आला. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही म्हणालात, "चालंल."

माझं डोकं तिथेच फिरलं असावं. एक बोट मुठेल पुरलं असतं तिथे दोन बोटं फासलं. बाहेरून नळ्या फडक्यानं पुसल्या, लखलखीत केल्या, पण तोंडाशी, आतल्या अंगाला लागलेलं मुठेल पुसायचं डोक्यातच आलं नाही. थंडीत ते घट्ट, पांढरं, डोळ्याला दिसतही नव्हतं. दारू भरली, तोंडं वळवली. आणि दमट हवा लागू नये म्हणून काडतुसांचा डबा रोज दुपारी मीच कातळावर उन्हात ठेवला. उन्हानं मुठेल वितळलं, आतून झिरपत टोप्यांपर्यंत गेलं. हे मला तेव्हा कुठं ठाऊक होतं?

माघात हाकारा झाला. डुक्कर जाळीतून निघालं ते सरळ धोंडूभावोजींवर. तुम्ही वेळेवर चाप ओढलात. नुसता खटका वाजला. दुसरं काडतूस घालेपर्यंत सुळा त्यांच्या मांडीत गेला होता. त्यांना डोलीत घालून मिरजोळ्यापर्यंत नेलं, तिथून मोटारीनं रत्नागिरीला. जीव वाचला, पाय अधू झाला.

त्याच दुपारी तुम्ही घरी येऊन बाकावर ते फुसकं काडतूस उघडलंत. दारू सुटी पडली नाही, गोळा होऊन पडली. तुम्ही ती बोटावर घेतलीत, नाकाशी नेलीत. मी दारात होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि मला सगळं कळलं. तुम्हालाही कळलं. तुम्ही म्हणालात, "आतनं पुसायची गो, सूनबाय. मी सांगाया विसारलो."

बस, एवढंच. ओरडला का नाहीत? एक थोबाडीत दिली असतीत तरी बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी देवळापुढे सगळी वाडी जमली. आम्ही बायका विहिरीच्या कठड्यापाशी उभ्या होतो. तुम्ही ताठ उभे राहिलात, साहेबापुढे उभं राहावं तसे, आणि म्हणालात, "काडतूस भरताना माजी चूक झाली. धोंडू, तुजा अपराधी मी. आजपासनं बंदूक उचलायचा नाय." मी वीस पावलांवर होते, मामंजी. पुढे येऊन दोन शब्द बोलायचे होते. माझ्या कमरेवर घागर होती, ती मी भरून घरी आणली.

पुढच्या हंगामात शेजारच्या गावातून दुसरा बंदूकवाला आला. तरीही तुमच्या वयाचा मान ठेवून लोकांनी आपल्या घरी वाटा धाडला. तुम्ही तो पानासकट परत केलात. चार वर्षं प्रत्येक शिकारीला तेच. आणि रिकाम्या बाकाशी बसून साच्याला तेल देत राहिलात, भरायला एक काडतूस नसताना. मी एकदा धीर करून म्हटलं होतं, "मामंजी, ते काडतूस…" तुम्ही लगेच म्हणालात, "चायचा पानी ठेव गो." तुम्हाला मला वाचवायचं होतं, कळतं मला. पण चूक कबूल करायची सोयसुद्धा तुम्ही माझ्यापाशी ठेवली नाहीत. इतकं कुणी कुणाला सांभाळतं का?

बसऱ्याहून धड परत आलेल्या माणसाला आपल्या वाडीत 'हात ऱ्हायला नव्हता' म्हणतात. तुमचा हात शेवटपर्यंत ठीक होता. त्या दिवशीचा नेमही ठीक होता.

आज सकाळी मी यांना सगळं सांगितलं. ऐकून हे म्हणाले, "बाबा गेले. आता बोलून काय होणार? तुला मात्र वाडीत पाणी भरू देणार नाहीत." भरू देणार नसतील तर नदीवरून आणीन. नदी काही फार लांब नाही.

उद्या मी धोंडूभावोजींच्या अंगणात जाणार आहे. आधी त्यांचे पाय धरणार. मग त्यांनाच घेऊन देवळापुढे जाणार, तुम्ही उभे होतात तिथे उभी राहणार आणि विहिरीवरच्या बायकांनासुद्धा ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगणार, की ते काडतूस मी भरलं होतं, आणि हवालदारांनी पाच वर्षं माझी चूक आपल्या नावावर वागवली. तुम्ही असतात तर पुन्हा चहाचं पाणी ठेवायला सांगितलं असतंत. या वेळी ठेवणार नाही. ती चूक माझी आहे, मामंजी. उद्या ती मी तुमच्याकडून परत घेते आहे.

तुमची सून,
भागीरथी