स्टेअरिंगखालची वायर

७ फेब्रुवारी

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुम्ही भलतंच ऐकता, म्हणून लिहायला बसले. रविवारी तुम्ही गेलात आणि सोमवारी गाडी बंद पडली. तीही पुलाच्या चढावर, मागे हॉर्नचा नुसता कल्ला. शेवटी दोन भल्या माणसांनी ढकलून बाजूला घेतली. आमचे शिंपीआजोबा, ज्यांच्या पाठीच्या जखमा मी रोज बांधते, सकाळपासून कुशीवर पडून वाट बघत होते. मी पोचले दुपारी दोनला. त्यांच्या सुनेने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मेकॅनिक म्हणतो, गाडीचा कॉम्प्युटर जळला. त्याने विचारलं, इंजिनवर पाणी मारलं होतं का? तर आमचे हे शहाणे लगेच म्हणाले, हो, रविवारी पाइपने चांगलं धुतलं. तुम्हाला स्टेशनवर सोडून आल्यावर हा उद्योग केला म्हणे! मग मीही त्या मेकॅनिकसमोरच सुनावलं, तुमच्या हातून एक गोष्ट धड होत नाही. माझ्या बाबांनी चाळीस वर्षं लोकांच्या घरांत वायरी ओढल्या, पण कधी कुणाचं नुकसान केलं नाही, त्यांच्याकडून शिका जरा. यांचा चेहरा पडला. पडू दे.

तुम्ही शनिवारी डिकीत बसवलेला दिवा मात्र छान आहे. अंधारात बँडेज आणि कात्री शोधत चाचपडावं लागत नव्हतं.

गोळ्या वेळेवर घ्या. बाकी आठवण काढत असतेच, तुम्हीही काढत जा.
तुमची चिमी

११ फेब्रुवारी

चि. चिमीस,
अ. उ. आ.

पत्र काल मिळालं. वाचून वाईट वाटलं. नव्या गाड्या नाजूकच झाल्यात, शिंकलं तरी बिघडतात. जावईबापूंना फार टाकून बोलू नकोस. पुस्तकांच्या बाइंडिंगचं काम करणारा माणूस, त्याला इंजिनमधलं काय कळणार? आणि तुझी जीभ लहानपणापासून तुझ्या आईसारखी, सुटली की थांबत नाही.

मेकॅनिकने स्टेअरिंगखालचं झाकण उघडलं होतं का, ते कळव. आणि हो, कॉम्प्युटरचा नवा डबा बसवायच्या आधी माझा तो दिवा काढून ठेवायला सांग. साधाच आहे, पुढच्या खेपेला चांगला आणतो. विसरू नकोस.

माझी तब्येत बरी. गोळ्या घेतो. मायेत अंतर पडू देऊ नकोस.
तुझे बाबा

१८ फेब्रुवारी

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

दिवा कशाला काढायचा? गाडीत तेवढी एकच गोष्ट धड आहे. मेकॅनिकला मी बजावलंय, बाबांच्या कामाला हात लावायचा नाही. नवा डबा पुढच्या आठवड्यात येईल. तोवर बसने जाते. रोज एक तरी पेशंट राहून जातो.

खरं सांगू का बाबा, गाडीचं एवढं नाही. यांचं बघवत नाही. स्वयंपाकघरात बेसूर गाणारा हा माणूस, आता तोंड उघडत नाही. सकाळी माझी बॅग बसस्टॉपपर्यंत उचलून आणतात, बस आली की हातात देतात आणि परत फिरतात. परवा मोरीतला बल्ब गेला, तर आधी मला विचारलं, मी बदलला तर चालेल का? मला रडूच कोसळलं. पण मीही हट्टी, वळून म्हटलं, नको, बाबा आले की बघतील. का म्हटलं असं, देव जाणे. ते अंधारातच अंघोळ करून कामावर गेले.

तुम्ही चार ओळी यांना लिहाल का? तुमचं ऐकतात ते.
तुमची चिमी

२२ फेब्रुवारी

चि. चिमीस,
अ. उ. आ.

मेकॅनिकला फोन कर आणि नवा डबा बसवू देऊ नकोस. पहिल्यांदा हे कर, मग पुढचं वाच.

डबा पाण्याने नाही जळला. मी जाळला. जुन्या घरांत आम्ही होल्डरला दोन वायरी जोडून बल्ब टेकवायचो. पेटला की वायर चालू. तीच पद्धत मी तुझ्या गाडीत वापरली. स्टेअरिंगखाली एका बारीक जांभळ्या वायरीवर बल्ब मिणमिणला, म्हणून तिलाच तुझा दिवा जोडला. बल्ब टेकवला तेव्हा समोरचे लाल-पिवळे दिवे एकदम लागले आणि विझले. इंजिन सुरू झालं, म्हणून मी गप्प बसलो. इथल्या एका गाडीवाल्या वायरमनला विचारलं, तर त्याने कपाळाला हात लावला. ती वायर कॉम्प्युटरला नुसता निरोप द्यायची, दिव्याचा भार तिने कसा झेलावा? दिवा लागेल तेवढ्या वेळा आतून जळत गेली असणार. काळी टेप गुंडाळलेली आहे, तिथे बघायला सांग.

चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. आता लोक म्हणतील, म्हातारा हात लावेल तिथे आग लागते. म्हणोत. जावईबापूंना माझ्या वतीने सांग, त्यांची काही चूक नव्हती.

माझी चूक पदरात घे.
तुझे बाबा

२७ फेब्रुवारी

ती. बाबांना,
सा. न.

टेप सापडली. आतली वायर वितळलेली होती. दिवा काढला, नवा डबा बसला, गाडी सुरू झाली. शिंपीआजोबांकडे कालपासून वेळेवर जाते.

तुमचं पत्र मी यांच्या हातात दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. मी माफी मागितली, तर म्हणाले, असू दे. मग तुमचं आधीचं, ११ तारखेचं पत्र मागितलं. दोन्ही पत्रं टेबलावर शेजारीशेजारी ठेवून ताडून बघितली. तुमच्या चुकीचा त्यांना राग नाही. म्हणाले, बल्ब माझ्याही हातून टेकवला गेला असता. फक्त एवढंच विचारलं, दिवा काढा असं बाबांनी ११ लाच लिहिलं होतं ना?

बाबा, नवा डबा वाचावा ही काळजी तुम्हाला तेव्हाच होती. आणि या माणसाची? रोज माझी बोलणी खात होता, स्वतःच्या घरात बल्बला हात लावायला भीत होता, आणि तुम्ही मला लिहीत होतात की त्याला इंजिनमधलं काय कळणार. बोलले मी, ते माझं पाप. तुमच्या नावाने बोलले, म्हणून जास्त जिव्हारी लागलं.

हे अजून गात नाहीत.

तुमच्या वतीने मी काहीही सांगणार नाही. माझा तुमच्यावर राग आहे आणि तुमच्याशिवाय मला चैनही पडत नाही, दोन्ही खरं आहे. गुरुवारी मी दिवसभर पेशंटकडे असते आणि यांना सुट्टी असते, हे घरी एकटेच असतात. त्या दिवशी या.

तुमची चिमी