बावड्यातल्या तेवीस गोल्फ स्टिका

मी, बाळासो धोंडीराम कुरणे, वय ७६, निवृत्त पॅटर्नमेकर, राहणार कसबा बावडा, कोल्हापूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पत्नी पारूबाई हिचे मत वेगळे आहे, पण ते गेली पन्नास वर्षे वेगळेच आहे.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक पारूबाईची. तिच्या पश्चात घर मुलगा प्रसेनजीत व मुलगी संघप्रिया यांचे समसमान. ती हयात असेपर्यंत घर विकण्याचा विषय कोणी तिच्यासमोर काढू नये.

२. माझे रंधे, पटाशा आणि लाकडाचा लेथ संघप्रियाला. ती आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवते आणि तिचा हात माझ्यापेक्षा सफाईने चालतो. हे मी तिला तोंडावर कधी सांगितले नाही, म्हणून येथे लिहितो.

३. आता मुख्य मिळकत. विजेत्या खेळाडूंनी वापरलेल्या तेवीस जुन्या गोल्फ स्टिका माझ्याकडे आहेत. मी स्वतः एकदाही गोल्फ खेळलेलो नाही. उद्यमनगरात फाउंड्रीसाठी लाकडाचे पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवायचे नमुने, करत होतो. १९७४ साली राष्ट्रीय विजेते रणधीर भोसेकर इकडे स्पर्धेला आले आणि मार्चच्या उन्हाने त्यांच्या दोन स्टिकांची लाकडी डोकी चिरली. कोणीतरी त्यांना माझ्याकडे आणले. मी दोन्हींच्या खालची पितळी पट्टी काढून आत बाभळीची पाचर बसवली. दुसऱ्या दिवशी ते त्याच स्टिकांनी जिंकले आणि मला हा नाद लागला, तो लागलाच.

इचलकरंजीचे भंगारवाले झाले, बंद बंगले झाले. नेसरीत एक आक्का विजेत्याच्या स्टिकने म्हशी वळत होत्या. त्यांच्या भावाने त्या खेळाडूची बॅग वाहिली होती, दोघांचा फोटो भिंतीवर होता. आक्का म्हणाल्या, "न्या की पावणं. पर बदली काठी द्या, मोकळ्या हाताला म्हस भीत न्हाय." मी वेळूची काठी तासून दिली.

नऊ नंबरची स्टिक नकली आहे. तिथे मी फसलो. तीही इतरांशेजारी टांगावी व खाली 'येथे बाळासो फसला' अशी पाटी लावावी. बाकी बावीस अस्सल आहेत. माझ्यामागे हे छातीठोकपणे सांगणारा कोणी उरणार नाही, ही एकच धास्ती मला होती.

४. धास्तीचे कारण श्री. विश्वजित इंगवले. हे गोल्फ खेळतात व जुन्या वस्तूंचे जाणकार समजले जातात. २०१२ साली भोसेकरांच्या त्या दोनपैकी एक स्टिक भंगारातून माझ्याकडे परत आली, ती मी प्रदर्शनात मांडली. इंगवले शंभर माणसांदेखत म्हणाले, "त्यांची स्टिक तुमच्यासारख्याच्या घरात कशी येईल? जोडीतली खरी स्टिक माझ्याकडं हाय, कागदपत्रांसकट."

मी तिथेच पट्टी उघडून पाचर दाखवली. आम्ही पॅटर्नवाले आपली खूण जोडाच्या आतल्या अंगाला मारतो, कारण तिथे साच्याची वाळू लागत नाही आणि खूण झिजत नाही. माझी खूण तीन टिंबे, खाली सालाचा आकडा. ते म्हणाले, "खूण काय, काल बी मारता येती." मी म्हणालो, "मग तुमची उघडा." त्यांनी तेरा वर्षे उघडली नाही. तेरा वर्षे गावभर माझा संग्रह भंगार ठरला. माझा मुलगाही तसेच म्हणू लागला, त्याचे मला फार लागले.

गेल्या महिन्यात त्यांच्या स्टिकची पट्टी आपोआप सुटली. ते स्वतः माझ्या दारात आले. आत पाचर, पाचरीवर तीन टिंबे, खाली ७४. ते म्हणाले, "आण्णा, तुमचीच हाय की." पारूबाईने चहा ठेवला. त्या दिवशी मी दोन वेळा साखर घेतली, डॉक्टरांनी माफ करावे.

५. सर्व तेवीस स्टिका बावड्यातील विहाराशेजारच्या वाचनालयास द्याव्यात. एकही वेगळी करू नये. काचेच्या कपाटात कोंडू नयेत. जो येईल, जी येईल, त्यांच्या हातात द्याव्यात. प्रसेनजीतने महिन्यातून एका रविवारी पुण्याहून येऊन त्यांना तेल लावावे आणि आईच्या हातचे जेवून जावे. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून संघप्रियाला नेमतो.

६. इंगवले यांनी माझी स्टिक जोडीसाठी मागितली. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. मी इंगवल्यांना म्हणालो, स्टिक घ्या, नाहीतर सही करा. त्यांनी रात्रभराची मुदत मागितली आणि सकाळी पेन घेऊन आले.

हे सर्व वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण : कसबा बावडा, कोल्हापूर
दिनांक : १४ ऑक्टोबर २०२५

(सही) बाळासो धोंडीराम कुरणे

साक्षीदार :
१. (सही) ॲड. स्नेहल पाटोळे
२. (सही) विश्वजित इंगवले. स्वहस्ते लिहितो की कुरणे यांच्याकडची भोसेकरांची स्टिक अस्सल आहे, ती मी पाहिली आहे. २०१२ साली मी सर्वांदेखत चुकीचे बोललो.