छोटीसाठी पाठवलेलं पीस

गुरुवार, १४ तारीख
बेटावरून

प्रिय ताई,

मी धडधाकट आहे. तू, तुझी छोटी आणि तुझ्या साठ कोंबड्या मजेत असाल असं धरून चालतो.

तू म्हणतेस माझ्या पायाला भिंगरी आहे. इथे भिंगरीची पंचाईत, बेट अर्ध्या तासात संपतं. काम सोपं आहे. दुर्बिणीतून समुद्रपक्षी मोजायचे, आजारी दिसेल तो वहीत लिहायचा, परतताना बूट औषधाच्या पाण्यात बुडवायचे. पहिल्याच दिवशी पक्ष्यांचे डॉक्टर म्हणाले, "मेलेल्याला हात लावायचा नाही. इथून पीससुद्धा न्यायचं नाही. कळलं का, शहाण्या?" मी मान डोलावली. स्वयंपाकी म्हणाला, "तो मान डोलावतो म्हणजे ऐकतो असं नाही हो!" हा स्वयंपाकी कांदा चिरताना रडत नाही, पत्त्यांत हरला की रडतो. असो.

पाकीट मिळालं का?

सोमवारपासून पक्षी मरताहेत. काल एकशे बारा. आम्ही पांढरे सूट घालून पिशव्यांत भरतो. पिल्लं मेलेल्या आयांच्या चोचीवर टोचत राहतात, भूक लागते ना. आज वायरलेसवर निकाल आला. बर्ड फ्लू.

ताई, शनिवारच्या बोटीने पाठवलेल्या पाकिटात छोटीसाठी एक पीस आहे. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंय, वाऱ्याने उडत आलं. ते खोटं आहे. शुक्रवारी खडकामागे एक पक्षी मरून पडला होता, मान पाठीकडे पिळलेली. त्याच्या पंखातून मी ते उपटलं. वहीत त्याची नोंद केली नाही. केली असती तर जवळ कशाला गेलास, असं विचारलं असतं. आणि सगळ्यांना तीन दिवस आधी कळलं असतं.

छोटी ते कोंबड्यांना दाखवायला खुराड्यात नेणार. मला माहीत आहे ना ती.

पाकीट उद्या-परवा तुझ्या दारात येईल. हे पत्र त्याच्या आठवडाभर मागे. वायरलेस इथून दहा पावलांवर आहे, पण डॉक्टरांच्या टेबलावर. म्हणजे आधी त्यांना सांगायला हवं. पत्र लिहिणं सोपं, म्हणून सकाळपासून हेच करत बसलो. तीन पानं फाडली.

आता उठतो.

हे तुझ्या हातात पडेल तेव्हा गुरांच्या दवाखान्याची माणसं तुझ्याकडे येऊन गेली असतील. खुराडं कदाचित रिकामं असेल. त्यांनी सांगितलं असेल, पोराच्या हातून चूक झाली, त्याला कल्पना नव्हती. तसं नाही, ताई. मला कल्पना होती.

मला उत्तर लिहू नकोस हवं तर. छोटीला ताप नाही, एवढं मात्र कुणाकडून तरी कळव.

तुझा धाकटा