घरात माणसं किती

प्रिय हवालदारसाहेब,

पत्र बघून दचकू नका. आत्यांची तब्येत बरी आहे, लेकाची आठवण काढतात, आपल्या प्रियदर्शनीची बारावीची परीक्षा नीट चालली आहे, उसाला पाणी मिळालं आहे. वाईट बातमी एकही नाही. तेरा-चौदा वर्षांनी पत्र लिहायला बसले आहे, त्यामुळे अंगठा दुखतो आहे आणि तीन कागद फाडून झालेत. हा चौथा. कसाही झाला तरी हा फाडायचा नाही असं ठरवलंय.

फोनवर हे जमत नाही. तुम्ही ‘बाकी काय?’ विचारता, मी ‘काही नाही, तुमचं?’ म्हणते, आणि एवढ्यावर आपल्या संसाराची एकोणीस वर्षं निघाली. रविवारीही तेच झालं. एकतीस तारखेला तुमची चोवीस वर्षांची नोकरी संपते. डिस्चार्जच्या कागदांसाठी तुम्ही बेळगावला सेंटरवर आला आहात. तिथून थेट घरी यायचं, की पुन्हा डीएससीत भरती होऊन कुठल्यातरी डेपोच्या पहाऱ्यावर जायचं, ते पंधरा तारखेच्या आत लिहून द्यायचं आहे. तुम्ही विचारलंत, “माले, भरू का फॉर्म? आनी आट-धा वर्सं जातील बग.” आणि मी पोळी उलटता उलटता म्हणाले, “भरा की. घराचं काम अजून दोन-तीन महिने हाय. ह्या धुरळ्यात येऊन बसणार कुठं तुमी?” तुम्ही नुसतं ‘बरं’ म्हणालात. त्या ‘बरं’पासून मला एका जागी बसवत नाही. स्वयंपाकघरातून हॉलमध्ये जाते, हॉलमधून गच्चीवर, आणि कशाला आले ते विसरून खाली येते.

गेल्या दिवाळीत काम काढायचं ठरलं तेव्हा तुम्हीच जास्त हौसेत होतात. बराकीत बाराजणांत झोपणारा माणूस मला रोज हॉलचे फोटो पाठवायचा. छताला लाकडी पट्ट्या, टीव्हीच्या मागं दगडी भिंत, कोपऱ्यात पिवळा दिवा, त्याखाली झुलती खुर्ची. मी म्हणायचे, अहो, आपण वाळवा तालुक्यात राहतो, दुबईत नाही. पण फोटो बघून मलाही चव लागली, हे खरं. मग इस्लामपूरच्या टाइलच्या दुकानात कस्तुरी भेटली. सांगलीच्या जैन घरातली पोरगी, इंटिरिअरचं शिकलेली, बोलायला गोड आणि मापाला कडक. तिची एक पद्धत आहे. टेप खिशातून काढायच्या आधी वही काढते. घरात कोण कोण राहतं, कोण किती वाजता उठतं, कोणाची पाठ दुखते, सगळं विचारून घेते. म्हणते, काकू, भिंती नंतर मोजायच्या, आधी माणसं.

तिनं सांगितलेलं एकेक पटत गेलं. आपला ओटा आत्यांच्या उंचीचा होता, त्यावर वाकून वाकून माझी कंबर गेली. तो चार इंच उचलला, काळा ग्रॅनाइट बसवला, कोपऱ्यातल्या अंधाऱ्या जागेत बाहेर सरकणारी ट्रॉली केली. आता तेलाचा डबा काढायला गुडघ्यावर बसावं लागत नाही. प्रियदर्शनीच्या खिडकीला रुंद कट्टा केला, खाली पुस्तकांचे कप्पे. पोरगी त्या कट्ट्यावरच जेवते, त्यावरच झोपते, पलंग नुसता शोभेला. आत्यांच्या बाथरूममध्ये न घसरणारी फरशी आणि भिंतीला धरायच्या दांड्या बसवल्या, तर पहिल्या दिवशी त्या म्हणतात, “मला काय मिल्ट्रीत भरती करताय व्हय गं, ह्या दांड्यास्नी लोंबकळाया?” आता मात्र दांडी धरल्याशिवाय उठत नाहीत. आणि शेजारच्या मनुबाईंना हाताला धरून दाखवायला नेतात.

इथवर सगळं सरळ चाललं होतं. मग मला काय झालं कोण जाणे. ओट्यामागच्या पांढऱ्या टाइल लावून झाल्या आणि मला त्या दवाखान्यासारख्या वाटायला लागल्या. उखडल्या. हिरव्या लावल्या. चार दिवसांनी त्याही नजरेत खुपायला लागल्या. हॉलच्या एका भिंतीला तीनदा रंग दिला. देवघर पूर्वेच्या भिंतीवरून हलवलं आणि आठवड्यानं परत तिथंच नेलं. नाथाजी मिस्त्री तुम्हाला माहीत आहेत, कधी आवाज चढवायचे नाहीत. पण मागच्या महिन्यात एकदा त्यांनी थापी खाली ठेवली आणि म्हणाले, “वैनी, राग मानू नगा, पर येक इचारतो. हे काम संपवायचं तरी हाय का तुमास्नी?” मी हसून चहा टाकायला गेले. चहात साखरच घातली नाही. ते बिचारे तसाच प्यायले.

खरं सांगते, तुमची रजा म्हणजे आमच्या घरी सणच. तुम्ही यायच्या आदल्या दिवशी मटण सांगून ठेवायचं, कपाटातली चांगली चादर काढायची, बाहेरच्या सोप्यात खाटेवर ती घालायची, खाटेखाली तुमची काळी ट्रंक. ती ट्रंक कधी पुरती उघडली नाही. वरच्या वर दोन शर्ट काढायचे आणि झाकण लावायचं. गावातली माणसं भेटायला यायची, तुम्ही भिंतीला टेकून बसायचात, आणि मी आतून चहाचे कप पाठवायचे. सण चांगला असतो, पण तो वर्षातून एक-दोनदाच असतो म्हणून. तुम्ही गेलात की चादर धुवून, इस्त्री करून परत कपाटात जायची आणि घर पुन्हा माझ्या अंगाचं व्हायचं. हे लिहिताना मला लाज वाटते आहे, पण लिहिते.

मागच्या रजेतलं तुम्हाला आठवत असेल की नाही, ठाऊक नाही. पहाटे साडेचारला उठून तुम्ही माझे मसाल्याचे सगळे डबे उंचीप्रमाणं लावलेत. मोठा, मधला, छोटा, एकदम परेडसारखे. चांगल्या मनानं केलंत. मी ‘वा’ म्हणाले. पण त्या महिन्यात माझा हात हळदीऐवजी धण्यावर पडायचा, भाजी करपायची, आणि मी आतल्या आत धुमसायचे. तुमची एसटी निघाली आणि मी घरी येऊन, साडीसुद्धा न बदलता, आधी डबे पूर्वीसारखे लावले. त्या दिवशी मी रडले होते. प्रियदर्शनीला वाटलं, तुम्ही गेलात म्हणून. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं. पण त्या रडण्यात सुटल्यासारखंही होतं. ते काय होतं हे कोणाला विचारणार? मनुबाईंना विचारलं असतं तर गावभर झालं असतं.

मंगळवारी सुतारानं चपलांचं कपाट आणून बसवलं. दाराशेजारी, सुबक, सागवानी रंगाचं. आत्या कौतुकानं बघत होत्या. एकेक कप्पा उघडला. हा माझा, हा प्रियाचा, हा तुझा. मग कपाट संपलं. त्यांनी बाजूनं हात फिरवून बघितलं, अजून कुठं दार आहे का म्हणून, आणि सरळ माझ्याकडं वळल्या. “आगं, आन् किस्नाचं बूट कुठं ठिवायचं?” मला हसू आलं. मी म्हटलं, कस्तुरीच विसरली असेल. तिला फोन लावला, चांगली तणतणले. ती शांतपणे म्हणाली, “काकू, थांबा, वही बघते.” मग म्हणाली, “पहिल्या दिवशी मी विचारलं होतं ना, घरात माणसं किती म्हणून. तुम्ही तीन सांगितलंत. मी नावंपण लिहून घेतलीत. आजी, ताई आणि तुम्ही.”

मी फोन ठेवला. मग घरभर फिरले आणि मला सगळीकडं तो आकडा दिसायला लागला. बाथरूमच्या दारामागं तीन खुंट्या. जेवायच्या टेबलाला तीन खुर्च्या, चौथी बाजू भिंतीला चिकटवलेली. कपड्यांची कपाटं तीन. आणि माझी खोली. तिथं मी मोठ्या हौसेनं शिलाई मशीनसाठी खिडकीखाली लांब टेबल करून घेतलं, कापड बेतायला जागा, उभा आरसा, धाग्यांच्या रिळांना भिंतीवर फळी. एवढं सगळं बसवायचं म्हणून पलंग साडेतीन फुटांचा केला. साडेतीन फूट! लग्न झालेल्या बाईची खोली आहे, आणि माप देताना माझी जीभ अडली नाही. तुम्ही पाठवलेल्या शंभर फोटोंत तुमची अशी मागणी एकच होती, तीही जाता जाता केलेली. उशाशी दिव्याचं बटण पाहिजे, म्हणजे मला वाटेल तेव्हा मी दिवा बंद करीन, बराकीत ते कधी हातात नसतं. ते बटण मी केलं आहे. साडेतीन फुटांच्या पलंगाशी.

तुमच्यावर राग होता म्हणून तीन म्हणाले असं नाही. राग असता तर बरं झालं असतं, निदान तुम्ही आठवलात तरी असतात. मला तुम्ही आठवलाच नाहीत. तुम्ही तिकडं थंडीवाऱ्यात उभे होतात, तुमच्या पगारावर ही भिंत उभी राहिली, आणि मला विचारलं घरात कोण कोण, तर माझ्या तोंडी तुमचं नाव येत नाही. आत्या मंगळवारपासून माझ्याशी मोजकंच बोलतात. दोषही देत नाहीत. काल मात्र भाकरी मोडता मोडता म्हणाल्या, “तुजं काय चुकलं न्हाई बाई. म्या बी त्याला लेक म्हनून कमी आन् पाव्हना म्हनूनच लय जेवू घाटलाय.” मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. घराचं काम संपलेलं आहे. तुमचा फोन आला त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, नाथाजी मिस्त्री थापी-ओळंबा धुवून, नारळ घेऊन गेले. रविवारी या घरात धुरळ्याचा कणही नव्हता, यायचं राहिलं होतं ते एक चपलांचं कपाट. मी खोटं बोलले. आधीच्या तीन महिन्यांत टाइल उखडल्या त्याही त्याचसाठी, हे मला आत्ता कळतंय. घर होईतो तुम्ही कायमचे येणार नाही असं मी मनाशी धरलं होतं आणि मला घर होऊ द्यायचं नव्हतं. मला भीती वाटते, अहो. तुम्ही रोज घरात असणार याची भीती वाटते. तुम्हाला पंखा किती लागतो, जेवल्यावर बोललेलं आवडतं का, आजारी पडलात तर जवळ बसलेलं चालतं का, मला काही ठाऊक नाही, आणि तुम्हालाही माझं ठाऊक नाही. आपलं जमेल असा शब्द मी देत नाही. भांडणं होतील, लय होतील. पण आणखी दहा वर्षांनी तुम्ही आलात, तर आपण दोन म्हातारे पाहुणे एकमेकांना चहा देत बसू. ते मला नको. फॉर्म कोरा असेल तर कोराच परत द्या. भरून दिला असेल तर साहेबांपुढं उभे राहा आणि सांगा, अर्ज मागं घेतो, बायको नको म्हणते.

तुमचीच,
विजयमाला